राखलेलीं पांखरें

पक्ष्यांना पिंजऱ्यांत कोंडूं नये, हें मत मीं लहानपणीं शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून उचललें, आणि पुढें पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवीत असतांनाहि तें जसेंच्या तसें जवळ बाळगलें. त्याची कधीं परीक्षा झाली नाहीं. आणि परीक्षा न झालेलीं मतें फार दिवस टिकतात, हा सर्वांचाच अनुभव असेल. गेल्या जानेवारींत अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं असतांना मात्र एका दुपारीं या मतास धक्का बसला, आणि तो ज्या बाजूनें बसेल असें मला वाटलें असतें त्या बाजूनें बसला नाहीं.

माझी मुलगी तेथील विद्यापीठांत संशोधन करते. तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला होता. हिंवाळा ऐन भरांत होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग पडलेले, आणि खिडकींतून ते पाहण्यापलीकडे मला उद्योग नव्हता. "बाबा, आज तुम्हांला पावसाळ्यांतलें कोंकण दाखवतें," असें म्हणून तिनें मला घराबाहेर काढलें व शहराच्या उत्तर भागांतील एका उद्यानांत नेलें. तेथें कांचेच्या छपराची एक विस्तीर्ण इमारत आहे. तिचें नांव नॅशनल एव्हिअरी. केवळ पक्ष्यांसाठीं असलेलें हें प्राणिसंग्रहालय. वाघ-सिंह, माकडें येथें नाहींत, आणि बहुतेक सारा संसार घराच्या आंत. मुंबईच्या राणीच्या बागेंत माणसांनीं आंत शिरून हिंडावें असें जें पक्षिगृह झालें आहे तें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना थोडीफार कल्पना करतां येईल. मात्र येथें डोक्यावर कांच, आणि त्या दिवशीं कांचेवर बर्फ.

आंत शिरतांच माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि कांहीं दिसेनासें झालें. त्यामुळें तें ठिकाण मीं पहिल्यानें कानांनींच पाहिलें. पाण्याची संतत धार, लांबलचक शीळ, मधूनच कोणाचें तरी कर्कश भांडण, आणि या सर्वांच्या खालीं ओल्या मातीचा वास. चष्मा पुसून पाहतों तों एक पक्षी अगदीं माझ्या पायांशीं वाट ओलांडीत होता. मला वाट देण्याची त्याची इच्छा दिसेना. तेव्हां मीच थांबलों. पुढच्या दालनांत उथळ पाण्यांत रोहित पक्षी एका पायावर उभे होते. एक गुलाबी पक्षी माझ्या डोक्यावरून इतक्या जवळून गेला कीं त्याच्या पंखांचा वारा कपाळाला लागला. गज असे कोठें दिसत नव्हते. खोटें कशाला बोलूं? मला अतिशय आनंद झाला. पक्ष्यांना कोंडूं नये हें माझें जन्माचें तत्त्व अर्धा तास माझ्या मनांतसुद्धां आलें नाहीं.

तें आठवलें तें मुलीच्या एका वाक्यानें. एका बांकावर बसून आम्ही कोट सैल करीत होतों, तेव्हां ती म्हणाली, "बाबा, इथें पूर्वीं तुरुंग होता, ठाऊक आहे?"

ही गोष्ट खरी आहे. हा भाग पूर्वीं अलेघेनी नांवाचें निराळें गांव होता. १९०७ सालीं तें पिट्सबर्गांत सामील झालें. त्या गांवच्या मोकळ्या रानांत, म्हणजे जेथें आज रोहित पक्षी उभे आहेत त्याच जागीं, १८२६ सालीं वेस्टर्न पेनिटेन्शियरी नांवाचा कारागृह उघडण्यांत आला. यादवी युद्धाच्या वेळीं, १८६३ सालीं, दक्षिणेकडील पकडलेले शंभरांवर सैनिकहि येथेंच डांबले होते. पुढें कैदी दुसरीकडे हालविले गेले, आणि १८८७ सालीं हेन्री फिप्स नांवाच्या पोलादाच्या व्यापारांतील धनिकानें या जागीं झाडांसाठीं कांचगृह बांधून दिलें. त्याचीं स्थित्यंतरें होतां होतां १९५२ सालीं येथें पक्षी आले. १९९१ सालीं नगरपालिकेनें खर्चामुळें हात आंखडता घेतला, तेव्हां नागरिकांनींच पुढें होऊन तें चालविलें. १९९३ पासून त्याच्या नांवामागें 'राष्ट्रीय' हें पद लागलें. इतिहास एवढाच. पण माझें मन त्यांतल्या पहिल्या पायरीवरच अडकलें.

पेनिटेन्शियरी या शब्दाचा मूळ अर्थ पश्चात्तापाचें घर. हा शब्द कोणा दुष्टानें काढलेला नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत कांहीं सज्जन मंडळी जुन्या तुरुंगांतील घाण, फटके आणि गर्दी पाहून कळवळलीं. १७८७ सालीं त्यांनीं कैद्यांचीं दुःखें हलकीं करण्यासाठीं फिलाडेल्फिया येथें एक मंडळ स्थापिलें. त्यांच्या विचारांतून जी पद्धति निघाली ती अशी: कैद्याला मारूं नये, शिव्या देऊं नयेत, त्याला स्वच्छ, स्वतंत्र कोठडी द्यावी आणि तीत त्याला एकटें, अगदीं एकटें ठेवावें. माणसाचा आवाज कानीं पडला नाहीं म्हणजे अंतरात्म्याचा आवाज ऐकूं येईल, आणि तो सुधारून बाहेर पडेल. हेतु किती उदात्त! फळ काय मिळालें? १८४२ सालीं इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यानें याच पद्धतीचा फिलाडेल्फियाचा तुरुंग पाहिला आणि शरीराच्या कोणत्याहि छळापेक्षां मनाचा हा संथ छळ अधिक भयंकर आहे असा अभिप्राय लिहून ठेवला. १८९० सालीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि एका निकालांत नमूद केलें कीं एकांतवासानें कित्येक कैदी वेडे झाले. म्हणजे ज्यांनीं कोठड्या बांधल्या ते क्रूर नव्हते; ते दयाळू होते. क्रूर माणूस निदान आपण काय करीत आहों हें जाणतो. दयाळू माणसाच्या हातांत किल्ली आली म्हणजे त्याला शंका येण्याचें कारणच उरत नाहीं.

हा विचार मनांत आला आणि भोंवतालच्या त्या सुखी, हिरव्या दालनाकडे मी निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. पक्ष्यांचा कैवार घेऊन बोलण्यास आतां मला मोठा जोर आला होता. पण माझा आवेश मुलीनेंच ओसरविला, आणि तो एका गरुडाच्या गोष्टीनें.

या पक्षिगृहांत कोडिॲक नांवाचा एक समुद्रगरुड होता. ही जात ईशान्य आशियांतील कामचाटका व ओखोट्स्क समुद्राच्या किनाऱ्यांवरची. पंख पसरले तर सात-आठ फूट भरतात, आणि चोंच केशरी पिवळी. २०२१ सालच्या सप्टेंबरांत हा गरुड त्याच्या जाळीच्या एका कमकुवत जागेंतून बाहेर पडला. आठवडाभर तो मोकळा होता. शहरांतील लोक कामधंदा सोडून आकाशाकडे पाहूं लागले. तो दिसला कीं फोन करून कळवूं लागले. त्याचे सांभाळणारे त्याच्या मागोमाग गल्लोगल्लीं हिंडत होते. शेंवटीं शहराच्या उत्तरेकडील वस्तींत तो सांपडला व सुखरूप परत आणला गेला. माझ्या मुलीला तेव्हां त्या शहरीं येऊन एक महिनाच झाला होता. ती म्हणाली, "मी रोज सकाळीं वर बघायची. तो सांपडूं नये असें वाटायचें, आणि तो उपाशी मरूं नये असेंहि वाटायचें. दोन्ही एकदमच."

हें 'दोन्ही एकदमच' मला माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षां प्रामाणिक वाटलें. मनुष्यांच्या हातून घांस घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला पिट्सबर्गचें आकाश म्हणजे स्वातंत्र्य कीं वनवास? कामचाटका कोठें, पिट्सबर्ग कोठें! जाळीबाहेर त्याचा देश नव्हताच. नुसतें बाहेर होतें.

कोंडणें वाईट एवढें म्हणून सुटका होत नाहीं, हें दाखविणारीं उदाहरणें आणखीहि आहेत, आणि तीं माझ्या तत्त्वाच्या अधिकच विरुद्ध जातात. पॅसिफिक महासागरांत गुआम नांवाचें बेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्करी सामानाबरोबर तेथें एक तपकिरी, झाडांवर चढणारा साप शिरला. तेथील पक्ष्यांनीं असा शत्रु कधीं पाहिलाच नव्हता. चाळीस वर्षांच्या आंत रानें मुकीं झालीं. सिहेक नांवाचा तेथील खंड्या १९८८ नंतर रानांत कोणास दिसला नाहीं. तत्पूर्वीं, १९८४ ते १९८६ या काळांत, एकोणतीस सिहेक पकडून अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांत नेले होते, म्हणूनच ही जात आज पृथ्वीवर आहे. पिंजऱ्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. २०२४ च्या सप्टेंबरांत त्यांचे नऊ वंशज, गुआमपासून हजारों मैल दूर असलेल्या, सापांचा उपद्रव नसलेल्या पाल्मायरा बेटावर मोकळे सोडले गेले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं तेथें अंडीं घातलीं. मोकळ्या रानांत सिहेकाचें अंडें जवळ जवळ चाळीस वर्षांत पडलें नव्हतें. आपल्या गिधाडांचीहि गोष्ट फार निराळी नाहीं. गुरांना देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधानें तीं कोट्यवधींच्या संख्येनें मेलीं. २००६ सालीं तें औषध गुरांसाठीं बंद झालें, पण तोंवर कित्येक प्रांतांत आकाश रितें झालें होतें. हरियाणांत पिंजोर येथें राखून वाढविलेलीं गिधाडें २०२४ सालीं आपल्याकडे पेंच व ताडोबा येथें आणण्यांत आलीं. गांवाच्या नांवांतच पिंजऱ्याचा भास व्हावा हा योगायोग, पण जटायूच्या भक्तांनीं विसरूं नये असा.

मग प्रश्न मिटला काय? मला तसें वाटत नाहीं. ते एकोणतीस सिहेक आपल्या जातीच्या उद्धारार्थ आपण तुरुंगांत चाललों असें समजून गेले नाहींत. 'जाति' ही कल्पना आपली आहे. जातीला पंख नसतात, जातीला कोंडल्याचें दुःख होत नाहीं. पक्ष्याला फक्त त्याचा एक दिवस असतो, आणि तो दिवस त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. कान्टनें मनुष्याविषयीं सांगितलें कीं त्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये. पक्ष्यांना हा नियम त्यानें लावला नाहीं, हें खरें. पण ज्याला वेदना आहे त्याला तो अजिबात लावूं नये असें म्हणण्यास मला कारण सांपडत नाहीं. सिहेकाच्या आज्यांनीं नातवांचें ऋण फेडलें, आणि तेंहि त्यांना न विचारतां.

कॅलिफोर्नियांतील कॉण्डोर या प्रचंड गिधाडाच्या वेळीं हा वाद उघडपणें झाला. १९८७ सालीं शेंवटचा मोकळा कॉण्डोर पकडला, तेव्हां जगांत सारे मिळून सत्तावीस उरले होते. डेव्हिड ब्रॉवर यांच्यासारखे निसर्गाचे कट्टर कैवारी या पकडण्याच्या विरुद्ध होते. त्यांच्या पक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं ज्या डोंगरांवर तो घिरट्या घालतो त्यांपासून तोडलेला कॉण्डोर हा कॉण्डोरच नव्हे. त्याला मरावयाचें असेल तर सन्मानानें मोकळ्या हवेंत मरूं द्यावें. पुढचा इतिहास त्यांच्या विरुद्ध गेला. आज कॉण्डोर पांचशेंहून अधिक आहेत व त्यांतील निम्म्यांहून जास्त मोकळे आहेत. आंकड्यांनीं वाद जिंकला. तरीपण ब्रॉवर यांचें म्हणणें मूर्खपणाचें होतें असें मला म्हणवत नाहीं, आणि याचें कारण हवाई बेटांतील एक कावळा.

त्याचें नांव अलाला. २००२ पासून तो रानांत उरला नाहीं. जे वांचले ते पिंजऱ्यांत वांचले. पिंजऱ्यांत वाढलेल्या या कावळ्यांचे आवाज अभ्यासूंनीं पूर्वींच्या रानांतल्या आवाजांशीं ताडून पाहिले, तेव्हां असें आढळलें कीं 'ही हद्द माझी' असें सांगणारी हांक त्यांच्यांतून लोपली आहे आणि धोक्याची हांकहि कमी झाली आहे. त्यांत नवल काय? ज्याला हद्द नाहीं त्यानें ती कोणाला सांगावी, आणि ज्याच्या घरीं ससाणा येत नाहीं त्यानें कशासाठीं ओरडावें? २०१६ पासून तीस अलाला रानांत सोडले. सोडण्यापूर्वीं त्यांना ससाण्याचें भय मुद्दाम शिकवावें लागलें. कावळ्याला भय शिकवावें लागतें! आपल्याकडे पितरांचा निरोप घेऊन येणारा, खिडकींतून भाकरीचा तुकडा पळविणारा, सर्व पांखरांत चतुर म्हणून गाजलेला जो कावळा, त्याच्याच कुळांतला हा. तरीहि कित्येक मेले, कांहीं ससाण्यांनीं मारले, आणि उरलेले २०२० सालीं पुन्हां पकडून आणावे लागले. २०२४ च्या नोव्हेंबरांत दुसऱ्या बेटावर, माउईवर, पांच सोडून नवा प्रयत्न सुरू झाला आहे. तो यशस्वी होवो. पण राखतां राखतां राखलेल्या वस्तूंतलें कांहींतरी आपल्याच हातून झिजतें, हें त्या हरवलेल्या हांकेवरून कळतें.

तेव्हां माझ्या मतें राखणदार हा उपकारकर्ता नसून ऋणको आहे. त्यानें एका जिवाकडून त्याचें आकाश उसनें घेतलेलें असतें. सिहेकाचे राखणदार हें ऋण जाणतात. चाळीस वर्षें ते परत करण्याचें बेट शोधीत होते. त्यांच्यापुढें मी हात जोडतों. पण त्या दुपारीं माझ्या कपाळाला ज्याच्या पंखांचा वारा लागला, त्या गुलाबी पक्ष्याला कोणत्या बेटावर परत पाठवावयाचें आहे? कोणत्याच नाहीं. तो माझ्यासाठीं तेथें होता; माझ्या तिकिटासाठीं, माझ्या आनंदासाठीं. अशा संस्थांचे चालक म्हणतात, कीं पाहिल्याशिवाय माया उत्पन्न होत नाहीं, आणि मायेशिवाय रक्षण होत नाहीं. हा युक्तिवाद मला एरवीं फार सोयीचा वाटला असता व म्हणूनच मीं तो नाकारला असता. पण त्या दिवशीं माझ्याच ठिकाणीं तो खरा ठरला होता. त्या वाऱ्याचा झोत लागला नसता तर सिहेक आणि अलाला यांच्याविषयीं वाचण्याची तसदी मीं घेतली असती असें वाटत नाहीं.

माझ्या विषयांतील एक जुनी अडचण येथें सांगितली पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत असें प्रतिपादिलें कीं केवळ मनुष्याच्या स्वतःच्या हितासाठीं त्याच्यावर सक्ति करण्याचा अधिकार कोणास नाहीं. मी हें वाक्य दरवर्षीं मोठ्या उत्साहानें समजावून देतों. पण त्यांतच मिल्लनें अपवाद ठेवला: मुलें, ज्यांना दुसऱ्यांनीं सांभाळणें जरूर आहे असे लोक, आणि मागासलेले समाज. मिल्ल हा तोंपर्यंत पस्तीस वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरींत नोकरी करून निवृत्त झालेला गृहस्थ. त्या शेंवटच्या अपवादांतून आमचा सबंध देश पिंजऱ्यांत गेला, हें विद्यार्थ्यांना सांगतांना माझा आवाज चढतो. मधल्या अपवादाबद्दल मी वर्गांत फारसें बोलत नाहीं. कां बोलत नाहीं, तें आतां सांगतों.

माझे वडील शहाऐंशीं वर्षांचे आहेत. आई गेल्यावर ते वाईला, आमच्या जुन्या घरीं, एकटेच राहत. सकाळीं कृष्णेच्या घाटावर जावें, दोन पायऱ्या उतरून पाण्याला हात लावावा, वाटेंत चौघांशीं बोलावें, असा त्यांचा क्रम. तीन वर्षांपूर्वीं ते घाटावर पडले. मीं त्यांना पुण्यास आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरीं आणलें. येथें डॉक्टर जवळ आहे, लिफ्ट आहे, दिवसा सोबतीला एक माणूस आहे. हवा, उजेड, वेळेवर जेवण. कशाचीहि उणीव नाहीं. आल्यापासून दोन वेळां ते कोणास न सांगतां बाहेर पडले. दुसऱ्या वेळीं ते संध्याकाळीं स्वारगेटच्या एसटी स्थानकावर सांपडले. हातांत पिशवी होती. वाईची गाडी कोठें लागते तें ते एका पोराला विचारीत होते, आणि तो पोरगा त्यांना नीट सांगत होता. मी त्यांना घेऊन आलों. दुसऱ्या दिवशीं बाहेरच्या लोखंडी दाराला कुलूप आलें. त्याची एक किल्ली सोबतीच्या माणसाकडे असते व एक माझ्या खिशांत. पिट्सबर्गच्या त्या बांकावर बसलों असतांना कोटाच्या खिशांत हात घातला, तर ती तेथेंहि होती.

कुलूप काढावें, असें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. घाट तसाच निसरडा आहे. वाईच्या घरांत आतां त्यांच्या वयाचें कोणी नाहीं. चौघांपैकीं तिघे गेले. बाहेर त्यांचा देश उरला आहे कीं नुसतें बाहेर, हेंहि मला सांगतां येत नाहीं. पण एवढें मात्र कळलें, कीं तीन वर्षें मी जिला त्यांची काळजी म्हणत आलों तिच्यांत निदान अर्धी माझी झोंप होती. ते घरीं सुरक्षित असले कीं मला झोंप लागते. आणि त्यांनीं अलीकडे घाटाची गोष्ट काढणें सोडून दिलें आहे. घरांत आम्ही सर्वजण याला 'आतां रुळले' असें म्हणत होतों.

त्या रात्रीं, म्हणजे त्यांच्या सकाळीं, मीं त्यांना फोन केला. काय पाहिलेंस म्हणून त्यांनीं विचारलें. मीं पक्षिगृह सांगितलें, कांचेवरचा बर्फ सांगितला, आणि मग गरुडाची गोष्ट सांगितली. ते मध्यें बोलले नाहींत. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे किती दिवस होता बाहेर?"

"आठवडाभर. सात-आठ दिवस."

"आठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले कीं रे," ते म्हणाले, आणि त्यांनीं सोबतीच्या माणसाला खुर्ची गॅलरींत नेऊन ठेवावयास सांगितलेलें मला ऐकूं आलें.